तुरटी, शेण आणि तांबडी माती : वडगावातल्या एका रंगकामाचं प्रकरण

बेळगावच्या शहापूर, खासबाग, वडगाव या भागात अजून गल्लीबोळांतून मागाचा आवाज येतो. हातमाग मागे पडले, पॉवरलूम आले, आणि आता पॉवरलूमच्या साडीलाही भाव राहिला नाही अशी तक्रार घरोघर ऐकू येते. वडगावातल्या अशाच एका विणकर घरातल्या धाकट्या सुनेनं वेगळी वाट धरली. नैसर्गिक रंग आणि ठशांची छपाई यांचं प्रशिक्षण घेऊन तिनं सुती ओढण्या करायला घेतल्या. कापडाची पांढरी जमीन, त्यावर मंजिष्ठाच्या मुळांच्या लाल रंगाचे बुट्टे आणि बुट्ट्याभोवती लोखंडाच्या पाण्याची काळी रेघ. पुण्याच्या एका दुकानानं नमुने पाहून ऑर्डर दिली. नमुने सुरेख झाले होते. ऑर्डरचा पहिला घाणा मात्र पार बिघडला. तो का बिघडला हे शोधत आम्ही आधी गोठ्यापर्यंत आणि तिथून खानापूर तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या शेतापर्यंत जाऊन पोचलो.

मी माती आणि पाण्याच्या तपासणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. रंगकामाशी माझा संबंध ओळखीपुरता. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की शेणाबद्दल आपल्याकडे दोनच तऱ्हांनी बोललं जातं. एक तर पवित्र म्हणून हात जोडायचे, नाहीतर घाण म्हणून नाक मुरडायचं. ते नेमकं काय काम करतं हे विचारणारे थोडे. रंगारी आणि शेतकरी यांना मात्र ते विचारावंच लागलं, कारण हिशेब चुकला की कापड आणि पीक दोन्ही लगेच दाखवून देतात.

बिघाड

ओढणी उन्हात धरली तेव्हा सगळं स्पष्ट दिसलं. बुट्ट्याच्या कडेपासून बोटभर अंतरापर्यंत फिकट गुलाबी झाक पसरली होती, आणि पुढे तीच झाक विरळ होत सगळ्या पांढऱ्या जमिनीवर गेली होती. काळ्या रेघेखाली राखाडी सावली. बुट्ट्याच्या आतला लालही सारखा नव्हता, मध्ये फिका आणि कडेला गडद. कापडाला अंगठा घासला तर काही ठिकाणी खळीची पापडी अजून जाणवत होती.

मंजिष्ठाचा रंग सुती धाग्यावर आपण होऊन टिकत नाही. धागा आणि रंग यांच्यामध्ये एक दुवा लागतो, आणि तो दुवा म्हणजे तुरटीतलं ॲल्युमिनियम. जिथे ॲल्युमिनियम असेल तिथे लाल उठतो, लोखंड असेल तिथे काळा, आणि काहीच नसेल तिथे पांढरं राहतं. म्हणजे ठशानं छापतात तो रंग नसतोच. तुरटीचं पाणी चिंचोक्याच्या खळीत किंवा डिंकात दाट करतात, नजरेला दिसावं म्हणून त्यात थोडा गेरू घालतात, आणि ते छापतात. छापलेलं कापड काही दिवस वाऱ्यावर टांगून ठेवलं की ॲल्युमिनियम धाग्याला धरू लागतं. पण सगळं धरत नाही. बरंचसं खळीत अडकून मोकळंच राहतं.

आता रंगाच्या हंड्यात जाण्याआधी ही खळ आणि हे मोकळं ॲल्युमिनियम कापडावरून काढायचं, आणि काढताना ते पांढऱ्या जागेवर बसू द्यायचं नाही. सगळी छपाई या एका धुण्यावर तोललेली असते. प्रशिक्षणात मिळालेल्या कागदावर या ठिकाणी ‘स्वच्छ पाण्यात धुऊन घ्यावे’ एवढंच होतं.

मग नमुने चांगले कसे झाले? ते तिनं माहेरी मलप्रभेच्या वाहत्या पाण्यात धुतले होते. दोनचार ओढण्या, भरपूर पाणी, वर वाहती धार. सुटलेली तुरटी कापडावर परत बसायच्या आत वाहून गेली. ऑर्डरचं कापड वडगावात घरामागच्या हौदात एकावर एक घालून धुतलं गेलं. सुटलेली तुरटी त्याच पाण्यात राहिली आणि एका ओढणीच्या बुट्ट्यातली दुसरीच्या पांढऱ्यावर जाऊन बसली. त्या वेळी डोळ्यांना काहीच दिसलं नाही. मंजिष्ठाच्या हंड्यातून कापड वर काढलं तेव्हाच गुलाबी झाक दिसली, आणि तोवर उपाय राहिला नव्हता.

राजस्थानातल्या बगरूचे किंवा कच्छकडचे छपाईवाले नदीकाठ धरून का बसले, हे यावरून कळतं. पण जगातल्या सगळ्याच छपाईला नदी मिळाली नाही, आणि नदी असली तरी नुसत्या पाण्यानं भागलं नाही. रंगाऱ्यांनी त्या जागी शेण वापरलं.

रंगाऱ्याचं शेण

युरोपातल्या कापडछपाईत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात ही ठरलेली पायरी होती. तुरटी किंवा लोखंड छापलेलं, वारा दिलेलं कापड कोमट ते गरम पाण्यात कालवलेल्या गाईच्या शेणातून काढायचे, पाण्यात थोडा खडू घालायचे, आणि मग स्वच्छ धुऊन रंगाला न्यायचे. मोठ्या छपाई कारखान्यांत शेणाचे हौद असत आणि रुळांवरून कापड त्यातून ओढलं जाई. लाल रंगाचं हे सगळं कसब मुळात भारतातलं. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांकडून माहिती घेऊन फादर कूर्दू या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं १७४२ आणि १७४७ साली मायदेशी पत्रं लिहिली. त्यांत हिरडा, म्हशीचं दूध, तुरटी, मुळांचा लाल रंग यांच्याबरोबर शेळीच्या लेंड्यांचंही वर्णन आहे.

शेण इथे काय करतं? ताज्या शेणात साधारण ऐंशी टक्के पाणी असतं. उरलेल्यात न पचलेला चोथा, चिकट बुळबुळीत द्रव्यं, थोडा अमोनिया आणि फॉस्फेटचे क्षार. या प्रत्येकाला काम आहे. फॉस्फेट धाग्यावरच्या ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला धरून पाण्यात न विरघळणारा क्षार बनवतं, म्हणून बुट्ट्यातला दुवा जागच्या जागी पक्का होतो. अमोनिया आणि खडू छपाईतला उरलेला आंबटपणा मारतात. चिकट द्रव्यं आणि बारीक चोथा कापडावरून सुटलेली तुरटी स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे ती पांढऱ्यावर बसायला मोकळी राहत नाही. आणि खळ फुगून सैल होते. एका बादलीत ही चारही कामं एकाच वेळी होतात. ज्यांनी ही रीत बसवली त्यांना फॉस्फेट हा शब्दही माहीत नव्हता, पण कुठलं माप कुठे चालतं हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कापडावर तपासून घेतलं होतं. त्या कसबाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढे रसायनशास्त्रानं शेणातलं कामाचं द्रव्य ओळखलं. लँकेशायरचा जॉन मर्सर हा त्यातला मोठा माणूस. त्याचं नाव आपल्या मागवाल्यांच्या तोंडी रोज असतं, कारण मर्सराइज्ड सूत त्याच्याच नावाचं. सोड्याचे फॉस्फेट आणि आर्सेनेट वापरून शेणाशिवाय तेच काम करण्याच्या पद्धती त्यानं आणि त्याच्या काळच्या लोकांनी काढल्या. आर्सेनेट विषारी. ज्या नदीत ते पाणी सुटत असेल तिच्या काठच्या लोकांचं काय झालं असेल, हा विचार मला सोडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या ‘शेणाच्या बदली’ क्षारांनी कारखान्यांतून शेण हटवलं. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठवर्गातला लाल रंग, म्हणजे ॲलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला, आणि मुळांची शेतीच मोडली. आपल्याकडे दख्खनेत आल उर्फ सुरंगीची मुळं लाल रंगासाठी लावत. तीही त्याच लाटेत गेली. झाड गेलं, त्याबरोबर हिरड्याचं प्रमाण, तेलाचं माप आणि शेणाची पायरी ठाऊक असणारे हातही गेले.

कोणतं शेण?

शेणाचा उपाय सांगितल्यावर घरात पहिला विरोध सासूबाईंचा झाला. सून त्यांना आत्या म्हणते. “धुवायचं म्हणालीस, आणि शेणात घालालीस काय गं?” त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. गल्लीत वास सुटणार, शेजारी बोलणार, आणि पांढरं कापड शेणात घालायला हात धजत नाही.

पहिली चाचणी जवळच्या डेअरीवाल्याकडच्या शेणानं केली. संकरित गाई, खायला उसाचं वाढं, हिरवा मका आणि पेंड. शेण पातळ, गर्द हिरवं. गुलाबी झाक थांबली, पण सगळ्या कापडाला हिरवट पिवळी छटा आली. ती धुण्यानं कमी झाली, गेली नाही. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य शेणातून उतरणारच.

दुसरी चाचणी माहेरच्या म्हशीच्या शेणानं. ती म्हैस उन्हाळाभर भाताच्या पिंजरावर असते. शेण घट्ट, तपकिरी, चोथा जास्त. इथे आत्यांनीच मार्ग काढला. सारवणाचं शेण त्यांच्या हातानं जन्मभर कालवलेलं. त्यांनी ते आधी थोड्या पाण्यात मळून, गाठी मोडून, जुन्या पोत्यातून गाळून घेतलं, कारण चोथा कापडाला चिकटला तर त्या जागी डाग उठतो. पाण्याचं माप साधारण शंभर लिटरला तीन किलो शेण आणि मूठभर खडूची पूड असं बसलं. पाणी हात घालवणार नाही इतपत गरम, साठ-पासष्ट अंश. कापड घडी न पडू देता, सतत खालीवर करत, दहा-पंधरा मिनिटं. कापड पाण्यात शिरतानाचा पहिला क्षण सगळ्यात महत्त्वाचा आहे. ते झटक्यात आणि पूर्ण उलगडून आत गेलं पाहिजे. रेंगाळलं तर सुटलेली तुरटी शेणानं पकडायच्या आधी शेजारच्या पांढऱ्यावर बसते.

या वेळी पांढरं पांढरं राहिलं. लाल मात्र अजून विटकरी होता. त्याचं कारण पाण्यात निघालं. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी येतं, पण या घरात रंगकामाला बोअरचं पाणी वापरत होते, आणि त्या पाण्यात लोखंड होतं. हंडा भरून ठेवला की वर तांबूस साय धरायची. लोखंडाचा अंश लाल रंगाला मारतो. नळाचं पाणी घेतलं आणि मंजिष्ठाच्या हंड्यात थोडा खडू वाढवला, कारण मंजिष्ठाला चुन्याचा अंश लागतोच. शिवाय खानापूरच्या रानातून माहेरच्यांनी आणलेली धायटीची वाळलेली फुलं हंड्यात घातली. राजस्थानातले छपाईवाले लाल रंगाच्या हंड्यात हीच फुलं पांढरं स्वच्छ राहावं म्हणून घालतात. आमच्या घाटात ती फुलून गळून जातात, कोणी विचारत नाही.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गाई-म्हशीचं शेण आणि मेंढी-शेळीच्या लेंड्या यांची कामं जुन्या रंगाऱ्यांनी वेगळी ठेवली होती. छापलेली तुरटी पक्की करायला गाईचं शेण. कोरं कापड पांढरं करायला आणि तेल मुरवायला लेंड्या. तुर्की लाल म्हणून युरोपात गाजलेल्या रंगात सूत आधी तेल, खार आणि मेंढीच्या लेंड्या यांच्या दुधट मिश्रणात पुन्हापुन्हा बुडवून वाळवत. १७८५ साली फ्रान्सच्या पापियाँनं जॉर्ज मॅकिंटॉशबरोबर ग्लासगोत हा रंग सुरू केला तेव्हाही लेंड्या होत्याच. कच्छच्या अजरख छपाईवाल्यांनी त्या जागी उंटाची लीद वापरली, कारण त्यांच्याकडे उंट. ज्याच्या दारी जे जनावर, त्याची परीक्षा त्यानं करून घेतली.

कोरं कापड पांढरं करण्याची जुनी रीत अशी. कापड शेण किंवा लेंड्यांच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, पिळून काठावरच्या गवतावर पसरायचं, आणि दिवसभर वाळू लागलं की पाणी शिंपडत राहायचं. असे कित्येक दिवस. शेणातल्या खारानं आणि आंबण्यानं धाग्यावरचं मेण सुटतं, आणि ओलं कापड, ऊन, हवा यांच्या संयोगातून रंग उडवणारं द्रव्य तिथेच, कापडावर, तयार होत राहतं. ब्लीचिंग पावडर आल्यावर हे काम काही तासांवर आलं. श्रीकाळहस्तीच्या कलमकारीवाल्यांनी शेणाची पायरी मात्र अजून टिकवली आहे.

माहेरची माती

वडगावच्या गल्लीत शेणाच्या गरम पाण्याची भट्टी लावणं शक्य नव्हतं. म्हणून शेणाचं आणि धुण्याचं काम माहेरी, खानापूर तालुक्यातल्या शेतावर हलवलं. जागा मोकळी, पाणी जवळ, म्हैस दारात. ओढण्या चांगल्या होऊ लागल्या. आणि मग तिच्या वडिलांचा मला निरोप आला, “रंगाचं पाणी जिथं ओतालीत तिथला मका जांभळा पडलाय, येऊन बघा.”

तुरटीचं उरलेलं पाणी, पहिल्या धुण्याचं पाणी आणि शेणाची वापरलेली भट्टी, सगळं परड्याच्या एकाच कोपऱ्यात ओतलं जात होतं. समज असा, की शेण आहे, खतच होईल. त्या कोपऱ्यात वैरणीचा मका होता. रोपं वीतभर उंचीला थांबली होती आणि जुन्या पानांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. मक्यात हे स्फुरद (फॉस्फरस, फॉस्फेटमधलं मूळ द्रव्य) कमी पडल्याचं ठळक लक्षण आहे. शेणात स्फुरद असतं, तरी शेण ओतलेल्या जागी स्फुरदाची उपासमार. त्यांच्या जागी कोणीही चक्रावलं असतं.

उत्तर त्याच बादलीत होतं. कापडावर आपल्याला हवा असतो तो ॲल्युमिनियम आणि फॉस्फेटचा जोड. पाण्यात न विरघळणारा, धुतला तरी न सुटणारा. मातीत नेमका हाच जोड नको असतो, कारण न विरघळणारं स्फुरद मुळांना घेता येत नाही. खानापूरकडची माती तांबडी, जांभ्याची. वर्षानुवर्षांच्या धो धो पावसानं तिच्यातला चुना धुऊन गेलेला, मागे उरलेले लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. माती आंबट. अशा मातीत घातलेलं स्फुरद आधीच मोठ्या प्रमाणात बांधलं जातं. त्यात तुरटीचं आंबट पाणी वरचेवर एकाच जागी पडलं, आंबटपणा आणखी वाढला, आणि मातीतलं अडकलेलं ॲल्युमिनियमही मुळांना जाचू लागलं. शेजारच्या वाफ्यातल्या मातीचा सामू (pH, जितका कमी तितकी माती आंबट) साडेपाचच्या आसपास होता, या कोपऱ्यातल्या मातीचा साडेचारच्या खाली.

प्रमाणाचं भान ठेवलं पाहिजे. एक किलो तुरटीत ॲल्युमिनियम जेमतेम सत्तावन्न ग्रॅम असतं, आणि त्यातलं बरंचसं कापडावरच राहतं. जांभ्याच्या मातीत मुळात असलेल्या ॲल्युमिनियमपुढे हा आकडा काहीच नाही. नुकसान झालं ते एकाच जागी, पुन्हापुन्हा, आंबट रूपात ओतल्यामुळे. हेच पाणी सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात पडलं असतं तर आंबटपणा तिथल्या तिथे मेला असता आणि मका हिरवागार राहिला असता. म्हणून अमक्या गावी चाललं म्हणजे इथेही चालेल, असं या कामात धरून चालत नाही.

उपाय करताना तिन्ही पाणी वेगळी केली. तुरटीचं उरलेलं पाणी आता ओततच नाहीत. पुढच्या घाण्याला त्यात नवी तुरटी घालून वापरतात. अगदीच टाकायचं झालं तर पिंपात चुन्याची निवळी घालून ठेवतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो तसा पांढरा लगदा तळाशी बसतो आणि वरचं पाणी निवळतं. धुण्याचं पाणी एका जागी न साठवता चरातून काजूच्या झाडांकडे पसरून सोडतात. शेणाची वापरलेली भट्टी उकिरड्यावर जाते, तिथे पालापाचोळा, गोठ्यातलं मुताचं पिंजर आणि चुलीची राख यांच्याबरोबर कुजते. राखेनं आंबटपणाही मरतो.

बिघडलेल्या कोपऱ्यात चुना आणि पूर्ण कुजलेलं शेणखत घातलं. शेणखताचं आंबट जमिनीतलं मोठं काम इथे सांगायला हवं, कारण ते नत्र-स्फुरद-पालाशच्या आकड्यांत दिसत नाही. चांगल्या शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद त्याहून कमी. पोत्यातल्या खताशी तुलना केली तर ते गरीबच दिसतं. पण कुजताना त्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं ॲल्युमिनियम आणि लोखंडाला धरून ठेवतात, त्यांच्या जागा अडवतात, आणि स्फुरद मुळांसाठी मोकळं राहतं. म्हणजे ताजं शेण कापडावर ॲल्युमिनियम आणि स्फुरद यांची गाठ मारतं, आणि कुजलेलं शेण तांबड्या मातीत तीच गाठ सैल करतं. या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही.

ताजं आणि कुजलेलं यातला फरक शेतकऱ्याला नवा नाही. कच्चं शेण शिवारात गेलं की हुमणीचे भुंगेरे त्यात अंडी घालतात, तणाचं बी जिवंत येतं, आणि पिंजर कुजवायला लागणारं नत्र जंतू पिकाच्या तोंडचं काढून घेतात. या वडिलांना हे सगळं पाठ होतं. रंगाच्या पाण्याला मात्र त्यांनी शेणाच्या नावावर विश्वास ठेवून आत घेतलं.

शेण कुणाचं?

घाणे वाढले तसा नवा प्रश्न उभा राहिला. बैलजोडी विकून या घराला बरीच वर्षं झाली. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. दारात एक म्हैस आणि एक गाय. त्यांचं शेण भाताच्या रानाला, परड्याला, सारवायला आणि आता रंगाला. वडिलांना रान प्यारं, मुलीला ऑर्डर. दोघांचंही खरं.

शेणावरचा हा ओढाताणीचा हक्क जुना आहे. ब्रिटिश सरकारनं १८८९ साली हिंदुस्थानात पाठवलेले कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात हाच विषय लावून धरला. शेतकरी अडाणी म्हणून शेण जाळतो, हे त्यांनी मानलं नाही. सरपण नाही म्हणून जाळतो, सरपणाची सोय करा, शेण रानात जाईल, असं त्यांनी सांगितलं. बेळगाव जिल्ह्यात हे आजही पडताळता येतं. घाटाकडे जंगल जवळ, तिथे शेण उकिरड्यावर जातं. पूर्वेकडे झाड विरळ, तिथे घरामागे शेण्यांची हुडवी रचलेली दिसतात. पूर्वेच्या त्याच काळ्या रानात कापूस पेरण्याआधी सरकी शेणकाल्यात चोळून वाळवत, म्हणजे तिच्यावरची लव चिकटून बसते आणि बी चाड्यातून सुटं पडतं. कापसाचा धागा बियाण्यापासूनच शेणातून जात होता.

या घरापुरता तोडगा दोन बाजूंनी निघाला. छपाईच्या साध्या घाण्यांना शेणाऐवजी गव्हाचा कोंडा आणि खडू वापरायचा. कोंड्यातही फॉस्फेट आणि चिकट द्रव्यं असतात, आणि आजचे बरेच नैसर्गिक रंगवाले हेच करतात. वडगावच्या घरी, गल्लीत वास न सोडता, हे काम होतं. गर्द लाल आणि काळ्याच्या जड छपाईला मात्र शेणच सरस ठरलं, म्हणून ते घाणे महिन्यातून एकदाच, माहेरी, एकत्र काढायचे. एका भट्टीतून पाठोपाठ कापड काढलं तर तेवढ्याच शेणात जास्त काम होतं, फक्त मधूनमधून ताजं शेण वाढवावं लागतं.

दुसरी बाजू रानाची. भात निघाल्यावर चिकोडी-रायबागकडून मेंढरांचे कळप पश्चिमेला येतात. आपल्याकडे बकरी बसवणं म्हणतात. अक्कोळला जन्मलेल्या आणि आदमापूरला देह ठेवलेल्या बाळूमामांच्या बकऱ्यांचा तळ आपल्या शिवारात पडावा म्हणून निपाणी-कागल पट्ट्यातली गावं किती वाट बघतात, हे इथे कोणाला सांगायला नको. त्यात श्रद्धा आहे आणि रानाचं गणितही आहे. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून कळप रात्रभर एका तुकड्यात कोंडला की लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडतं. वाहतूक नाही, उकिरड्यावर नत्र उडून जाणं नाही. लेंडीखतात नत्र तीन टक्क्यांच्या घरात, शेणखताच्या कितीतरी पट. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकते. धनगराला धान्य, जेवण किंवा रोख पैसे. सकाळी लगेच कुळव मारून लेंडी मातीआड केली तर फायदा पुरा मिळतो. तेवढं करायला आळस झाला की उन्हात अमोनिया निघून जातो.

यंदा वडिलांनी भाताच्या खालच्या दोन तुकड्यांत बकरी बसवली आणि त्या रानाचं शेणखत वाचवलं. वाचलेल्या शेणावर मुलीचे लाल घाणे निघाले. पुण्याच्या दुकानाला ऑर्डर उशिरा पोचली, पण पोचली. गुलाबी झाक आलेला पहिला घाणा तिनं हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यात काढून राखाडी-काळा केला आणि वेगळ्या भावानं विकला.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. पावसाळ्यात खानापूरकडे आठवडाआठवडा ऊन पडत नाही. छापलेल्या कापडाला वारा देताना ते ओल धरतं आणि तुरटी छपाईच्या कडेबाहेर पसरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर जड छपाई बंद ठेवावी लागते. आणि दुसरी गोष्ट तेलाची. धनगर मामांनी जाताना एक पोतं वाळक्या लेंड्या मागे ठेवल्या आहेत. एरंडेल, पापडखार आणि लेंड्यांचं पाणी यांत सूत मुरवून, ते मंजिष्ठात काढून, शहापुरी साडीच्या काठाला लावायचा तिचा विचार आहे. पहिल्या लडी भिजवल्यात. तेल वरवर न तरंगता पाण्यात दुधासारखं मिसळून राहिलं आहे, आणि आत्या रोज सकाळी लडी पिळून दोरीवर टाकतात, संध्याकाळी परत भिजवतात.